बोरीकाठची भागा

प्रमिला अभिमन पाटील १९९६ साली आमच्या संस्थेत शिकवायला आली. जळगावात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुकदेव नारखेडे यांनी संगणकाचे वर्ग काढले होते. मी तिथे हिशेब पाहत असे. प्रमिला मूळची पारोळा तालुक्यातली, बोरी नदीकाठच्या एका लहान गावातली. अमळनेरला बी.कॉम. झाली, धुळ्याला लग्न होऊन गेली, आणि दोनेक वर्षांनी आईला घेऊन जळगावात भाड्याच्या खोलीत राहायला आली. मधल्या काळाबद्दल ती बोलत नसे आणि आम्हीही विचारलं नाही. फॉक्सप्रो चांगलं शिकवायची. वर्ग सोडला तर दिवसभरात तिच्या तोंडून फारसे शब्द निघत नसत. मला नाना म्हणायची, नारखेड्यांना सर.

१९९८ च्या पावसाळ्यात नारखेड्यांनी इंटरनेट घेतलं. ते स्वस्तातलं, नुसत्या अक्षरांचं खातं होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, चित्र एकही नाही. पोरांनी दोन दिवस पाहिलं आणि नाद सोडला. प्रमिलाने सोडला नाही. पहिला वर्ग नऊला भरायचा, ती सातलाच येऊन बसायची. टेलिफोनची लाइन तेव्हा मोकळी असे. मलाही सकाळी लवकर येऊन कामाला बसायची सवय असल्याने तिचं टेबल माझ्या नजरेसमोर होतं.

ती एक खेळ खेळायची. मला तो समजायला वेळ लागला. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या संगणकावर एक नगर वसवलेलं होतं. वसवलेलं म्हणजे शब्दांनी. तुम्ही 'उत्तरेला जा' असं इंग्रजीत टाइप केलं की पडद्यावर उत्तरेच्या वेशीचं वर्णन येई. तिथे त्या क्षणी आणखी कोणी हजर असेल, तर तो काय बोलला, काय केलं, तेही येई. ही माणसं खरी होती, निरनिराळ्या देशांत आपापल्या घरी बसलेली. प्रत्येकाने एकेक सोंग घेतलं होतं. कोणी लोहार, कोणी मांत्रिक, कोणी राजाची वेडी मावशी. नगरात शिरलं की सोंगाच्या तोंडानेच बोलायचं, असा सक्त नियम होता. स्वतः म्हणून बोलायचं असेल तर नगराबाहेर एक वेगळी खोली होती. प्रमिला तिला ओसरी म्हणे. तिथे लोक आपली नोकरी, आजार, मुलंबाळं यांबद्दल बोलत. आपल्याकडे सकाळ असे तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांकडे संध्याकाळ असे, म्हणून नगर गजबजलेलं सापडायचं.

नगराच्या मधून नदी वाहत होती. प्रमिलाने दक्षिण काठावरच्या नावाडणीचं सोंग घेतलं आणि नाव ठेवलं भागा.

"भागा कोण?" मी विचारलं.

"आजी. भागाबाई. आमच्याकडे आखाजीला बार खेळतात, माहीत आहे ना नाना?"

मला ऐकून माहीत होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाझाडाला झोके लागतात. प्रमिलाच्या गावात त्या दिवशी दुपारी बायका नदीवर जमतात, पलीकडच्या गावच्या बायका पलीकडच्या काठावर. आणि मग मधल्या वाळूवरून एकमेकींना शिव्या घालतात. नवऱ्यावरून, भावावरून, कढीवरून, म्हशीवरून. ज्यांच्याकडे शिव्या आधी संपतात त्या हरल्या. भागाबाई पुष्कळ वर्षं अलीकडच्या बाजूची म्होरकी होती.

"पलीकडची सुंदरबाई ओरडायची, 'व भागा, तुना नवरा कढीमा पडना, माशी समजीसन तू फेकी दिना!'" एवढं बोलून प्रमिला हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो. "आणि आजी म्हणायची, 'तुम्हना गावना कुत्राबी भाकर मांगाले आम्हनाकडे येतस!'"

"आणि नंतर भांडण?"

"कसलं भांडण? संध्याकाळी त्याच बायका एकमेकींच्या घरी सांजोऱ्या खातात. फक्त एक आहे नाना. खरं बोलायचं नाही. जिला मूल नाही तिला वांझ म्हणायचं नाही. जिचा नवरा पितो तिला दारूवरून बोलायचं नाही. खोटं हवं तेवढं बोला."

पुढचं तिने सांगितलं ते पडद्याकडे पाहत. आजीनंतर म्होरकी तीच होती. धुळ्याहून परत आली त्या वर्षीही ती आखाजीला काठावर उभी राहिली. पलीकडे सुंदरबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्यावरून बोलावं तर ते खरं निघणार, आणि नवरा सोडून बार होतच नाही. समोरच्या सगळ्या बायका प्रमिलाशी गोड बोलायला लागल्या. कशी आहेस, आईची तब्येत कशी आहे. दोन वर्षं असं झाल्यावर ती मागे बसू लागली, मग आखाजीला गावी जाणंच बंद केलं.

नगरातल्या कोणाला धुळं माहीत नव्हतं. उत्तर वेशीवर ऑरिक नावाचा एक कप्तान होता. त्याची आणि भागाची नदीवरून रोज जुंपायची. प्रमिला अहिराणीतली शिवी मनात धरून तिचं इंग्रजी करायची. "कप्तान, तुझं शिरस्त्राण पाहून आमच्या म्हशीने त्यात पाणी मागितलं." तो लिही, "नावाडणी, तुझी नाव पाण्याला नाही, तुझ्या तोंडच्या वाऱ्याला चालते." भोवती मांत्रिक, लोहार, मावशी जमून टाळ्या वाजवत. टाळ्या म्हणजे 'टाळ्या वाजवतो' अशी ओळ उमटायची. नारखेडे खालून वर येताना म्हणत, "प्रमिलाताई, लढाई झाली असेल तर जरा वर्गाचं पाहा." ती "आलेच सर" म्हणे आणि आणखी एक शिवी टाइप करून उठे.

ओसरीत मात्र ती कधीच जात नसे. कोणाचं खरं काय आहे हे कळलं की शिवी देता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. चूक तिथेच झाली.

फेब्रुवारीतली गोष्ट. ऑरिकने दक्षिण काठावर चालून येण्याची धमकी दिली. भागाने उत्तर दिलं, "येशील कसा? तुला खुर्चीतून उठवायला दोन गडी लागतात, आणि ते दोघे आज माझ्याकडे जेवायला आहेत."

पडद्यावर टाळ्या आल्या नाहीत. मांत्रिक निघून गेला, लोहार निघून गेला. ऑरिकची एकही ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नगर चालवणाऱ्यांचा निरोप होता. ऑरिक म्हणजे कॅनडातला विल्यम नावाचा माणूस. मोटारीच्या अपघातात त्याचे पाय गेले होते आणि त्याला खरोखरच दोन माणसं उचलून खुर्चीत बसवत. ओसरीत जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. भागाने सगळ्यांदेखत अपंगाची थट्टा केली, असं त्यांनी धरलं. रविवारपर्यंत ओसरीत येऊन जबाब दे, नाहीतर भागाला नगरातून पुसून टाकू, असं त्यांनी लिहिलं होतं.

प्रमिलाचा चेहरा उतरला. "नाना, मला माहीत नव्हतं."

"मग तसं लिही. संपलं."

"माहीत का नव्हतं, हे विचारतील. ते सांगायचं तर सगळं सांगावं लागेल."

"नको सांगू. दुसरं नाव घेऊन पुन्हा शिरता येत नाही?"

"येतं की. पण ती भागा नसेल." मग ती म्हणाली, "आजीच्या हातून एकदा असंच झालं होतं. पलीकडच्या मंदाबाईला म्हणाली, तुझा भाऊ चोर आहे. आणि त्याच आठवड्यात त्याला खरंच पोलिसांनी नेलेलं. आजीला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा ती नदी ओलांडून पलीकडे गेली आणि त्यांच्यात जाऊन बसली. म्हणाली, आता माझं खरं काय असेल ते तुम्ही बोला, मी ऐकते."

"बोलल्या त्या?"

"बोलल्या. आजोबांनी जमीन जुगारात घालवली होती. ते बोलल्या. आजी ऐकून घरी आली."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी जुगारावरून कोणी बोलू शकलं नाही. तेवढं कमी झालं. पण आजीकडे उरलेलं पुष्कळ होतं. माझ्याकडे काय उरेल?"

तिची अडचण मला तेव्हा नीट समजली. गप्प राहिली तर भागा जाणार. बोलली तर नगरातही लोक तिच्याशी गोड बोलायला लागणार, आणि मग भागा असून नसल्यासारखी.

रविवारी संस्था बंद असे. शनिवारी सकाळी ती आली, मॉडेम लागेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली आणि ओसरीत गेली. तिने आखाजीचा बार सांगितला, खरं न बोलण्याचा नियम सांगितला, मंदाबाईच्या भावाचं सांगितलं. शेवटी लिहिलं, "माझ्या नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि मला आईच्या दारात सोडून गेला. म्हणून माझ्या गावात मला कोणी शिवी देत नाही. हे माझं खरं आहे. विल्यमने ते माझ्या तोंडावर म्हणावं." हे सगळं तिने मला वाचू दिलं. एके ठिकाणी इंग्रजी चुकलं होतं, ते मी दाखवलं. तिने सुधारलं नाही.

विल्यमचं उत्तर लगेच आलं. त्याने लिहिलं होतं, की तुझ्या त्या वाक्यावर मी मोठ्याने हसलो होतो. उत्तर टाइप करत होतो, तेवढ्यात बाकीचे मला धीर द्यायला लागले, मग ते पाठवायचं राहूनच गेलं. अपघाताचं सांगितल्यापासून या नगरात माझ्याशी कोणी लढत नाही. माझे सैनिक मला जिंकू देतात. तू एकटीच लढत होतीस, कारण तुला माहीत नव्हतं.

नगर चालवणाऱ्यांनी भागाला राहू दिलं.

पण तिला भीती होती तेच झालं. सोमवारी ती काठावर गेली तर लोहार म्हणाला, "नमस्कार भागा, आज नदी किती शांत आहे." राजाच्या वेड्या मावशीने तिला शाल दिली. मांत्रिकाने आशीर्वाद दिला. आठवडाभर हेच चाललं. ऑरिक वेशीवर दिसत नव्हता.

"गावासारखंच झालं, नाना," ती म्हणाली. आणि साडेआठलाच मशीन बंद करून वर्गाच्या तयारीला लागली.

नंतरच्या मंगळवारी मी पावत्या लावत बसलो होतो. एकदम प्रमिलाच्या हसण्याचा आवाज आला. जिन्यातून वर येणारे नारखेडे दारात थबकले.

"काय झालं हो?"

"काही नाही सर," ती म्हणाली, पण पदर तोंडाला लावून हसतच होती. मी उठून पडद्याकडे पाहिलं. ऑरिक परतला होता. त्याने लिहिलं होतं, "नावाडणी! तुझे सातही नवरे माझ्या वेशीवर रांगेत उभे आहेत आणि आपसात भांडताहेत. आधी कोणाला आत सोडू?"

प्रमिलाने डोळे पुसले आणि टाइप केलं, "ज्याला पोहता येत नाही त्याला."

टाळ्यांच्या ओळी एकाखाली एक येत राहिल्या. लोहाराने स्वतःला आठवा नवरा म्हणून पुढे केलं. भागाने त्याचं रूप पाहून त्याला नावेखाली बांधायला सांगितलं.

त्या वर्षी आखाजी एप्रिलात आली, रविवारीच. "नाना, या गावाला. आमरस खायला," ती म्हणाली. मी पारोळ्याच्या एस.टी.ने गेलो. दुपारी गावातले पुरुष नदीपासून बऱ्याच अंतरावर, बाभळींखाली बसले होते. जवळ जायची त्यांना मनाई असते. तिथून दिसत नव्हतं फारसं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

आधी दोन्हीकडच्या तरुण सुनांचं झालं. मग अलीकडे जरा गलबला झाला. माझ्या शेजारी बसलेले आधार आबा म्हणाले, "अभिमननी पोर पुढे उनी." प्रमिला पुढे आली होती. पलीकडचा आवाज थांबला. मग सुंदरबाईचा, आता म्हातारा झालेला आवाज आला, "कशी शे व माय? बरी शे ना?"

"बरी नही!" प्रमिला ओरडली. रोजच्या वर्गात कधीच न ऐकलेला आवाज होता तो. "मुक्या झायात का बठ्ठ्या? मी सांगस ते बोला! माले सात नवरा शेतस, नि एकले बी दुसरानी खबर नही!"

आबांनी तोंडातली विडी काढली. मग पलीकडून सुंदरबाई म्हणाली, "सातच? आम्हना गावमा तर नऊ सांगी राहिनात!"

"मोज मंग!"

"आठवा तर आम्हना गावना डोकरा शे, त्याले दात बी नहीत!"

"म्हणीसन त्याले तुनी कढी गोड लागस!"

मग दोन्ही काठ एकदम बोलू लागले आणि शब्द वेगळे ऐकू येईनासे झाले. आबा हसून हसून खोकत होते. उन्हं कलेपर्यंत ते चाललं. कोण हरलं ते मला कळलं नाही. संध्याकाळी सुंदरबाई हातात ताट घेऊन प्रमिलाच्या काकांच्या ओट्यावर आली. ताटात सांजोऱ्या होत्या. ती प्रमिलाजवळ बसली आणि नवव्या नवऱ्याचं नाव काय ठेवायचं यावर दोघींचा वाद सुरू झाला.

सोमवारी प्रमिला नेहमीप्रमाणे सातला संस्थेत हजर होती. आवाज मात्र पूर्ण बसला होता. नारखेड्यांनी विचारलं, "ताई, आवाज कुठे ठेवून आलात?" तिने हातानेच दूर कुठेतरी दाखवलं. नऊच्या वर्गाला फॉक्सप्रोचा धडा तिने सगळा फळ्यावर लिहून शिकवला.