फुलीचा गिलास

दिघोरीच्या शेवंताबाईच्या कपाटात एक स्टीलचा गिलास होता. काठाखाली खिळ्याने कोरलेली फुली. ती कोरली होती तिच्या मोठ्या जावेने, पार्वताबाईने.

सहा वर्षांपूर्वी शेवंताबाई स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून नागपूरहून परतली. डोक्यावर एकही केस नव्हता. रोवण्याचे, भातलावणीचे दिवस होते. बांधावर बायका जेवायला बसल्या, तेव्हा सगळ्यांना एका गिलासात पाणी मिळालं आणि तिला या गिलासात. हा रोग उष्ट्यातून लागतो, असं पार्वताबाईने टोळीला पटवलं होतं. चौदाही बायका मान खाली घालून जेवत राहिल्या.

शेवंताबाईने केमो सोसली, पण हे तिला सोसवलं नाही. तिच्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, ती पाणी वरून ओतून घेण्याला विटून. आता घरच्याच माणसाने फुली मारली. तिने तो गिलास उचलून पिशवीत घातला. "हा माया झाला," एवढंच म्हणाली.

पुढे साकोलीच्या एका संस्थेने तिला रुग्णांना धीर द्यायला शिकवलं, आणि ती गावोगाव कॅन्सरच्या माणसांजवळ जाऊन बसू लागली. टक्कल पडलेल्या पोरींना ती आपला तेव्हाचा, बिनकेसांचा फोटो दाखवी. ताट वेगळं करू नका, असं घरच्यांना सांगे. लोक तिला देवमाणूस म्हणत. ती मात्र एका दिवसाची वाट पाहत होती.

तो यंदा उगवला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन पार्वताबाईच्या गालात कॅन्सरची गाठ झाली. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तरी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. कालपासून तर पाणीही घेईना. तिची सून प्रतीक्षा शेवंताबाईच्या दारात आली. काकी, तुम्हीच चला, म्हणाली.

शेवंताबाई गिलास घेऊनच निघाली.

खाटेखाली वेगळं ताट, वेगळी वाटी. नातवाला उंबरठ्याच्या आत बंदी. सासूने शिकवलेलं सुनेने नीट पाळलं होतं. ते पाहून शेवंताबाईला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तिने गिलास भरला आणि फुली दिसेल असा समोर धरला.

"ओळखला का, बाई? तुमच्याच हातचा हाय."

पार्वताबाईने फुलीवर बोट ठेवलं. तोंडातून शब्द अर्धेच निघत होते. "यातच दे मले. मीनं तुले तसंच केलतं."

ती रडेल, हात जोडेल, असं शेवंताबाईने सहा वर्षं मनात घोळवलं होतं. या उत्तराची तयारी नव्हती. दारात शेजारणी उभ्या होत्या. त्यांच्या देखत तिने अर्धा गिलास पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि उरलेलं पुढे केलं.

"मायं उष्टं हाय. प्या आता. लागते का ते पाहू."

पार्वताबाईने दोन्ही हातांनी गिलास धरला. निम्मं पाणी गळ्यावरून ओघळलं, निम्मं आत गेलं. शेवंताबाईने पदराने तिचा गळा पुसला, जरा जोरातच, आणि वेगळं ताट उचलून प्रतीक्षाच्या हातात दिलं. हे सगळ्यांच्या ताटांत ठेव, पोराला आत पाठव, म्हणाली.

उद्यापासून रोज येणार, असं ती अंगणात बोलली, तेव्हा प्रतीक्षाने हळूच विचारलं, माफ केलं का?

"नाही व," शेवंताबाई चपला घालत म्हणाली. "पण थे मेली तर मी मायं उष्टं पाजू कोणाले?"