मावशीची मीठ-मोहरी

सदा गेल्याची तार मला उंब्रजच्या शाळेत मिळाली. आठवीचा तास चालू होता. हातातला खडू तसाच धरून मी ऑफिसपर्यंत गेलो. बडोद्याला, नाटकाच्या कॉलेजच्या वसतिगृहात, विषमज्वराने गेला. तेवीस वर्षांचा होता. आज दीड महिना झाला, पण त्याच्या प्रवेश-अर्जाची चौथी ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. त्याची आई हळदीच्या वखारीत निवडणीला जायची. मी तिला मावशी म्हणायचो. एका गॅदरिंगला सदा स्टेजवर असा काही मेला, की मावशी बायकांतून उठून थेट वर आली आणि त्याला गदागदा हलवू लागली. लोक हसले. तेव्हापासून तिने त्याला शपथच घातली, मेलेल्याचं काम करायचं नाही. "लय वठलं की लागतं बाबा," म्हणायची. दर नाटकानंतर त्याला उंबऱ्यात बसवून मीठ-मोहरी आणि मिरच्या ओवाळायची, चुलीत टाकायची. ठसका लागला नाही तर दृष्ट लागली समजायचं. म्हणून सदा आधीच खोटं खोटं खोकायचा, आणि ती बिचारी निवांत व्हायची.

बी.ए. झाल्यावर त्याच्या मामाने बी.एड.चं बघून ठेवलं होतं. मास्तरकीची पक्की भाकरी. पुढं ती मीच धरली. सदाला नाटक शिकायचं होतं. अर्ज मीच मागवला, मीच भरला. स्वतः जायची छाती नव्हती, म्हणून त्याला पाठवायची घाई... दुसरं काय! चौथ्या ओळीत चाचणीला नाटकातला कुठला प्रवेश करून दाखवणार ते लिहायचं होतं. मी लिहिलं, 'राजाचा मृत्यू'.

"गड्या, दुसरं काय तरी लिव्ह," सदा म्हणाला. "आईनं शपथ घातलीया."

"तुझं त्येच सगळ्यात चांगलं हाय. जागा घालवतोस का?"

खोटं नव्हतं ते. पण खरं असलं म्हणून काय झालं.

पालकाच्या अंगठ्यासाठी अर्ज मावशीपुढं ठेवला. तिने विचारलं, "कशाचं काम लिवलंस रं?"

"राजाचं."

"त्यो मरत न्हाई न्हवं?"

"न्हाई, मावशी."

सदा चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर गेला. मावशीने अंगठा उठवला. शाईच्या कडेला हळदीचा पिवळा डाग पडला.

जागा मिळाली. दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं, "चाचणीत मरून पडलो तवा समदे टाळ्या वाजवत होते, मला मात्र उठू वाटंना. हितं सारखी हीच कामं देत्यात. गावी आलो की आईला सांगून टाकू." तो आलाच नाही.

मागच्या रविवारी सगळं सांगायचं ठरवूनच सांगलीला गेलो. मावशी चुलीपाशी बसून होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "त्यानं मेल्याचं काम न्हाई न्हवं केलं तितं?"

मी पुन्हा "न्हाई" म्हणालो.

ती उठली, कोनाड्यातली पितळी वाटी काढली. "तू बी त्याच्याच संगं असायचास. बस उंबऱ्यात."

बसलो, सदा बसायचा तिथेच. तिने तीनदा ओवाळलं, निखाऱ्यावर टाकलं. मोहरी तडतडली, मिरच्या जळून काळ्या पडल्या... ठसका काही येईना. निदान खोटं तरी खोकावं म्हणून मी तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटला नाही.

"बघ," मावशी म्हणाली, "किती लागलीया तुला."