सासऱ्यांची अक्षरं

माझ्या साडूइतका सावध माणूस अख्ख्या कोकण किनाऱ्यावर नसेल, आणि त्याच्या सावधपणाने जितके घोळ घातले तितके रत्नागिरीतल्या सगळ्या बेसावध माणसांनी मिळूनही घातले नसतील. तो घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो आणि फोटोवर त्याचा काडीचा विश्वास नाही. कॉम्प्युटरमधला फोटो अक्षरांत बदलता येतो, हे तो कामात शिकला आणि त्याने ते घरात लागू केलं. इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्येच एखादी अधिकची खूण, अशी न संपणारी माळ. तीच उलट प्रोग्राममध्ये ओतली की पुन्हा फोटो. एकदा मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात उभं राहून त्याने बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, सुरमईचा फोटो अक्षरांत पाठवला आणि विचारलं, ताजी वाटते का? तिने उलट कळवलं, "अक्षरांचे कल्ले उघडून दाखवा."

आमचे सासरे मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. त्यांचा जेटीवर उभं राहून हसतानाचा एकुलता एक फोटो सासूबाईंकडे होता. फ्रेमला वाळवी लागलेली दिसताच साडूने तो मोबाईलवर टिपला, लहान केला, अक्षरांत बदलला, ती अक्षरं पाच-सहा पानांवर छापली आणि मोबाईलमधला फोटो पुसून टाकला. "अहो, मग फोटोच का नाही छापला?" असं मी विचारल्यावर त्याने माझ्याकडे कणवेने पाहिलं. "फोटो फिका पडला की माणूस गेला, साडूभाऊ. अक्षर फिकं पडलं तरी वाचता येतं." पुढे वाळवीने मूळ फोटो संपवला, मे महिन्यात वीज पडून साडूचा कॉम्प्युटर जळला, आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "बघा, कागद राहिला की नाही?"

त्याच महिन्यात सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. काय हवं विचारलं तर म्हणाल्या, "साडी नको. हल्ली त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेलं की नाक निसटतं. एकदा नीट बघू दे." साडूने कपाटातून अक्षरांचे कागद काढले.

वाढदिवसाच्या सकाळी माझी बायको कागदावरची अक्षरं वाचत होती आणि साडू नव्या कॉम्प्युटरवर टाइप करत होता. यंत्राकडून वाचून घ्यायला त्याची तयारी नव्हती. यंत्राला शून्य आणि ओ यांतला फरक कळत नाही म्हणे. "मोठा क्यू, छोटा झेड, अधिक, सात..." स्वयंपाकघरात नारळ खवण्याचाही आवाज बंद करायला लावला होता. सासूबाई नवं लुगडं नेसून समोर बसल्या होत्या, जावयाच्या बोटांवर नजर ठेवून. दुपारी पाहुणे यायचे होते. मी घामाघूम झालो, आणि मी तर नुसता उभा होतो.

अखेर साडूने बटण दाबलं. कपाळ आलं, डोळे आले, आणि त्याखाली हिरवे-जांभळे पट्टे, नाक सरकून कानापाशी. सासूबाईंनी मान फिरवली. "माझ्या डोक्यात पण अस्संच होतं," त्या पुटपुटल्या.

साडूचा चेहरा पांढरा पडला. "कुठेतरी अक्षर सुटलंय. एक सुटलं तरी पुढचं सगळं सरकतं."

"मी नीट वाचलंय, भाऊजी," माझी बायको म्हणाली.

"शेजारीण हाक मारत आली होती तेव्हा?"

तिचं बोट कागदावरून मागे गेलं, थांबलं. एक ओळच सुटली होती. साडूने ती टाइप केली. पुन्हा बटण. कपाळ, डोळे आणि मग, अगदी जागच्या जागी, सासऱ्यांचं ते रुंद, थोडं डावीकडे झुकलेलं नाक. मिशी. हसू. सदरा. आणि गुडघ्यांखाली नुसता करडा रंग.

"शेवटचं पान कुठाय?" साडूने विचारलं.

मेहुणी दारात ओल्या हातांनी उभी होती. "ते वेडंवाकडं छापलेलं? परवा मुंबईच्या नातेवाइकांसाठी आंब्याची पेटी भरताना तळाला घातलं. मला वाटलं बिघडलेला कागद."

मुंबईला फोन गेला. पेटी उघडून झाली होती, कागद कचऱ्यात गेला होता. एवढ्या सावध माणसाला मी असं खाली मान घालून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आई, पाय नाही आणू शकलो," तो म्हणाला.

सासूबाई पुढे सरकल्या. त्यांनी पडद्यावरच्या नाकावर बोट ठेवलं, मग सावकाश खाली करड्या रंगापर्यंत आणलं. "असू दे. गुडघाभर पाण्यात उभे आहेत. असेच तर बोटीकडे निघायचे. घरात कधी होते पाय त्यांचे?"

साडूने तो फोटो त्या दिवशी फोटो म्हणूनच छापून आणला आणि अक्षरांत बदलायचं नावही काढलं नाही. सासूबाई आता तो उशाशी ठेवतात. मी मात्र आंब्याची पेटी उघडली की आंब्यांआधी गवत बाजूला सारून तळाचा कागद बघतो. दरवेळी वर्तमानपत्रच निघतं.