अकोल्यावरची आठ मिनिटं

मुंबईहून अमरावतीला जायचं ठरलं की माझा प्रवास आठ दिवस आधी दोन पोस्टकार्डांपासून सुरू होतो. एक मायला, एक ताईला. मायचं कार्ड साधं ख्यालीखुशालीचं. ताईचं मात्र नेमकं लिहावं लागतं. कोणता वार, कोणती गाडी, आणि शेवटी 'नेहमीप्रमाणे जनानी डब्यात'. माय अमरावतीला असते आणि ताई अकोल्याला. नागपूरकडे जाणारी गाडी बडनेऱ्याच्या आधी अकोल्यावर आठ मिनिटं थांबते. तेवढ्यात ताईला मला शोधायचं असतं, डोळे भरून पाहायचं असतं आणि खिडकीतून पितळी डबा आत सरकवायचा असतो.

हा डबा मायने ताईला लग्नात दिलेला. झाकणावर ताईचं नाव कोरलंय आणि कडी तुटली तिथे सुतळी बांधलीय. गुडघे धरल्यापासून माय अमरावती सोडत नाही. ताई सकाळीच जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढतात तो कारखाना) कामाला जाते, तिला माहेरी यायला सवड नाही. तेव्हा जाताना डबा ताईकडून भरून मायकडे आणि येताना मायकडून भरून ताईकडे, ही ने-आण माझ्याकडे. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही अशी आमच्याकडची रीत, म्हणून साठ साली मी टेलिफोनच्या नोकरीसाठी मुंबईला आले तेव्हापासून तो डबा फिरतोच आहे. मायलेकींची भेट होत नाही, पण एकमेकींच्या हातचं त्या खातात.

आता सांगते ती खेप चौसष्टच्या हिवाळ्यातली.

तोवर मी मुंबईत रुळले होते, निदान लोकांना तसं वाटावं अशी माझी खटपट चालू असे. ट्रंक बोर्डावर कानाला यंत्र लावून आम्ही मुली ओळीने बसायचो. कुणाला सुरत जोडून द्यायचं, कुणाला नागपूर, आणि तीन मिनिटं झाली की तसं सांगायचं. एखाद्या दिवशी अकोल्याचा नंबर मागितला जाई. तिकडचा ऑपरेटर म्हणे, "थांबा ना बाई, लावून राहिलो ना!" आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी येई. शेजारच्या खुर्चीवर कुमुद बसायची. ती गिरगावातली, स्वभावाने चांगली, पण नकला करण्यात पटाईत. चहाच्या सुट्टीत ती त्या ऑपरेटरची हुबेहूब नक्कल करी आणि सगळ्या पोट धरून हसत. मीही हसे. सगळ्यांत मोठ्याने मीच हसे, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी अमरावतीची हे त्यांना ठाऊक होतं, पण माझी भाषा मी घासूनपुसून लख्ख करून ठेवली होती. आमची वस्ती, मायची मजुरी, छप्पन सालची आमची दीक्षा, यातलं मी कधी काही बोलले नव्हते. ताई चौथीतून शाळा सोडून कापूस वेचायला गेली म्हणून मी मॅट्रिक होऊ शकले, हेही नाही.

त्या हिवाळ्यात कुमुद नागपूरला मामाकडे निघाली होती. "आपण बरोबरच जाऊ ग, मी आरक्षणाच्या डब्यात दोघींच्या जागा राखून ठेवते," ती म्हणाली. मला बरं वाटलं. ताईला 'जनानी डब्यात' असं कार्ड आधीच गेलं होतं. दुसरं टाकलं असतं तर वेळेवर पोचलंही असतं. ते राहून गेलं.

भुसावळला उजाडलं. कुमुदने केळी घेतली, मी चहा. मलकापूर सुटलं की बाहेरची माती काळी होत जाते आणि मला मोकळा श्वास घेता येतो. मुंबईत चार वर्षं काढली, पण तिथे माती पाहिल्याचं मला आठवत नाही. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, तुरी पिवळ्या झाल्या होत्या आणि रेल्वेच्या फाटकापाशी कापसाने भरलेल्या बैलगाड्या खोळंबल्या होत्या. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. तिला उगाच हाक मारावीशी वाटली. कुमुद म्हणाली, "काय ग हा ओसाड मुलूख!"

अकोला आलं. आमचा डबा फलाटाच्या मधोमध थांबला आणि लगेच मला हाक ऐकू आली.

"शके! ओ शके!"

ताई धावत येत होती. नऊवारीचा ओचा वर खोचलेला, एका हातात डबा, दुसरा हात गर्दी बाजूला सारणारा. जनानी डबा पुढे इंजिनाकडे असतो, म्हणून ती आमच्या खिडकीवरून तशीच पुढे गेली. मी मुंबईला गेले तेव्हाच्या मानाने तिचे केस किती पांढरे झाले होते! पुढून पुन्हा आवाज आला, "शके वं! कुठी बसली वं?"

कुमुदने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिला हसू आवरेना. "कुणाला शोधतेय ग ही बाई?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले.

हे शब्द माझेच. मला कुणी शिकवले नव्हते की माझ्याकडून वदवून घेतले नव्हते. वाटलं होतं, आता उठावं, दारात जाऊन उभं राहावं, अजून वेळ आहे. उठण्याऐवजी मी वाकले आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्ट्याला काही झालं नव्हतं. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि मान वर केली तेव्हा फलाट मागे पडला होता.

मी बडनेऱ्याला उतरले तेव्हा कुमुदने प्रेमाने हात हलवला. अमरावतीच्या छोट्या गाडीत मी कोपऱ्यात बसून रडले. समोरच्या म्हातारबांनी विचारलं, "काहून रडून राहिली पोरी? सासरी चालली काय?" मी म्हटलं, "नाही बाबा, माहेरी." त्यांना ते काही उमगलं नाही.

टांगा वस्तीपाशी थांबला तेव्हा माय ओट्यावर वाट पाहत बसली होती. तिने आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग माझी पिशवी चाचपली.

"डबा कुठी हाय वं?"

आता खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "ताई स्टेशनावर आलीच नाही."

एक खोटं गाडीत झालं होतं, हे दुसरं. मायने माझ्यासाठी सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी केली होती. मला वाढलं, पण स्वतः घास घेतला नाही. "अशी ते कधी करत नाई. तिले काईतरी झालं असन," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो माय ठेवणीतलं लुगडं नेसून, संत्र्यांचं गाठोडं बांधून तयार.

"चाल, अकोल्याले जाऊ."

"माय, तुझे गुडघे! मी कार्ड टाकते ना ताईला."

"कार्डाले चार दिवस लागते. गुडघे दुखले त दुखले."

सहा वर्षांत जी बाई बडनेऱ्यालाही गेली नव्हती, ती माझ्या खोट्यापायी एस.टी.त चढली. वाहकाने हात दिला, मागून मी रेटा दिला, तरी तिच्या तोंडून 'आई गं' निघालंच. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. आम्ही सगळे उतरून कडुलिंबाखाली बसलो. शेजारच्या एका बाईने मायला विचारलं, "कुठी जाता?"

"पोरीकडे. टेसनावर आली नाई ते. जीव लागून राहिला."

"काई होत नाई माय. पोरी कामात असते," ती म्हणाली, आणि मायने तिला दोन संत्री दिली.

माय दोन्ही हातांनी गुडघे दाबत होती. मला ते पाहवेना. मी म्हटलं, "माय, एक सांगू?"

"सांग."

"संत्रं सोलून देऊ?"

इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. टांगा मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरला. ताई जिनिंगमधून नुकतीच आली होती, केसांत कापसाचे तंतू तसेच होते. मायला टांग्यात पाहून ती जागच्या जागी थांबली. मग धावत येऊन तिने मायला अक्षरशः उचलून खाली घेतलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी टांग्याजवळ उभी होते.

डोळे पुसत माय म्हणाली, "काहून आली नाई वं टेसनावर? बरी हायेस ना? शकी सांगून राहिली, तू आलीच नाई म्हणून. माहा त जीवच उडाला."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"हाव माय," ताई म्हणाली, "नाई जमलं. कामावर खोटी झाली."

तिने मायला बाजेवर बसवलं आणि हातपाय धुवायला मला पाणी आणून दिलं. तांब्या हातात देताना हळूच म्हणाली, "चपलेचा पट्टा नीट झाला काय वं?"

म्हणजे तिने मला पाहिलं होतं.

रजेचे उरलेले दिवस मी तिथेच राहिले. चार वर्षांत ताईच्या घरी मी पहिल्यांदाच जेवले. तव्यावरची भाकर सरळ ताटात, वर जवसाची चटणी, तेलाची धार. भाऊजींनी मायसाठी निर्गुडीचा पाला आणला, ताईने तो गरम करून तिचे गुडघे शेकले. माय म्हणाली, "मी राह्यते आता महिनाभर." दुसऱ्या दिवशी ताईने खाडा केला आणि मोर्णेवर धुणं धुताना मी तिची क्षमा मागितली. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे. ती तसं म्हणाली नाही.

"म्या तुले गाडी हालल्यावर पाह्यलं. तुही खिडकी माह्या पुढून गेली. चपलेवर वाकून बसली होती तू, अन् शेजारची पोरगी मले पाहून हासत होती." तिने लुगडं पिळलं. "तिथंच बाकड्यावर बसली मी. तिळाच्या पोळ्या होत्या डब्यात, मायसाठी अन् तुह्यासाठी. एक खाल्ली. गोड नाई लागली. मग कामावर गेली."

मी लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

ते वाळत घालताना ती म्हणाली, "पण माय आली माह्या घरी. ते काई एऱ्हवी आली नसती."

परत निघाले त्या दिवशी फलाटावर ताईने डबा माझ्या हातात दिला. भरलेला होता, जड लागला. मी म्हटलं, "हा मी कुणाला देऊ? माय तर इथेच आहे."

"मुंबईले ने. तिळाच्या पोळ्या हायेत, या डाव तू खाय. अन् पुढच्या खेपेले भरून आण. तुह्या हातचं काई."

"माझ्याकडे चूल कुठे आहे, ताई? वसतिगृहात राहते मी."

"मंग घे ना एक शेगडी. का जलमभर पाहुणीवानीच राहतं तिथं?"

मी जनानी डब्यात बसले. गाडी हलली तशी ताई खिडकीबरोबर चालू लागली, मग धावू लागली. मी कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडले, "ताई वं! लौकर येते वं! मायले जप!" डब्यातल्या बायका वळून पाहू लागल्या. पाहू देत. फलाट संपेपर्यंत मी ओरडत होते.

मुंबईत उतरले तेव्हा समुद्राचा तोच दमट वारा अंगाला लागला. दर वेळी तो लागला की वाटतं, सुट्टी संपली. या वेळी वाटलं, माय आणि ताई तिकडे एका बाजेवर बसून चहा घेत असतील, आणि तिसरी मी इथे. हे असंच राहणार, हेही कळलं. माझं पोट इथे आहे आणि जीव तिथे. शेगडी मात्र त्याच आठवड्यात घ्यायची असं ठरवून टाकलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पितळी डबा टेबलावर ठेवून सुतळी सोडली. तिळाचा आणि गुळाचा वास सुटला. कुमुदने न विचारताच पोळी उचलली, पहिल्याच घासाला डोळे मिटले.

"कुणी केल्यात ग? आणि हे नाव कुणाचं झाकणावर?"

"माझ्या बहिणीचं. ती अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला असते. तू पाहिलंयस तिला."

"मी? कधी?"

"त्या दिवशी फलाटावर. तू विचारलं होतंस, ही बाई कुणाला शोधतेय."

कुमुदचा हात घासावर थांबला.

"मला शोधत होती," मी म्हणाले.