काढून ठेवलेलं कार्ड

सासूबाईंनी दाराला लिंबू-मिरची बांधली, की ती सोडून चटणीत घालणारी बाई मी! त्यामुळे ही गोष्ट माझ्याच तोंडून ऐकताना घरचे अजून हसतात... हसू देत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घर आमच्या बेटाच्या उत्तरेला प्लेन दे पपायला, पण नोकरी दोघांची पार रोझ हिलच्या एका ऑफिसात. मी टायपिंगला, आणि हे तिथलं युनिक्सचं मशीन, म्हणजे ऑफिसचा मोठा कॉम्प्युटर, सांभाळायचे. एके सकाळी छातीत कळ आली नि हे गेलेच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. धाकटे दीर हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला मी सांभाळीन." सासूबाई म्हणाल्या, "बाळा, तिला लेकीसारखी ठेवीन रे." कावळा फांदीवरून हलेल तर शपथ! शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. माझा विश्वास नव्हता, तरी जिवाला लागलं — ह्यांचं मन कशात अडकलं असेल?

पुन्हा कामावर गेले, तर ह्यांच्या टर्मिनलचं कार्ड, म्हणजे ह्यांचा स्क्रीन-कीबोर्ड मशीनला जोडणारी सर्किटची पाटी, मशीनमधून काढून टेबलावर ठेवलेलं. मी ते सहज हातात घेतलं. ह्यांच्या जागी आलेला देव नावाचा पोरगा म्हणाला, "बघा दीदी, पोटात काय काय आहे ते मशीन स्वतःच सांगतं." त्यानं कमांड दिली. स्क्रीनवर मेमरी आली, डिस्क आली, एकेक कार्ड आलं... आणि ह्यांचंही!

"आयो! मागची नोंद राहिली असेल," देव म्हणाला. मशीन पूर्ण बंद केलं, चालू केलं, पुन्हा विचारलं. ओळ तिथंच! आणि कार्ड माझ्या हातात.

"मो पा कोने, दीदी... मला नाही कळत," म्हणत तो साहेबांना बोलवायला धावला.

भर दुपार, बाहेर बसचे हॉर्न. भीती? छे! हे शेजारी खुर्चीत बसलेत असंच वाटलं, इतकं बरं वाटलं. मी हळूच म्हणाले, "अहो, मला कुणी सांभाळायला नको. माझं मी बघेन. तुम्ही जा आता, काळजी करू नका."

साहेब आले. देवनं पुन्हा सगळं बंद-चालू करून विचारलं. ती ओळ नव्हती.

मशीन तापलं असेल, काहीतरी अडकलं असेल — पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं. मला एकही पटलं नाही. साहेब हसत गेले, आणि मी तिथंच हुंदके देऊन रडले... कशाला घाई केली मी? संध्याकाळी बोलले असते, तर तेवढा दिवस तरी हे राहिले असते ना!