दुधनीच्या दिशेने

माझ्या बायकोच्या मामांच्या हाताखालून न गेलेली भंगार वस्तू अख्ख्या सोलापुरात शिल्लक असेल, असं मला वाटत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. मामा हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी बोलायचा, परवाना काढून गच्चीवर जाऊन बसले. तयार अँटेनाला ते हात लावत नाहीत. विकत आणलेल्या वस्तूत आपलं काय असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मामींच्या पडद्यांचे रॉड, छत्रीच्या काड्या, सगळं एकेक करून वर गेलं. एकदा मी माझा मोजमापाचा स्टीलचा टेप त्यांच्याकडे विसरलो, तर पुढच्या रविवारी तो मला प्लॅस्टिकच्या पाइपवर तीन तुकड्यांत आडवा बसवलेला दिसला. "टेपच पायजे," मामा म्हणाले, "दारातनं नेताना वाकतो, परत आपला सरळ हुतो की." शेजारच्या बाईंनी यावर मालिका लागतात का म्हणून विचारलं. हा अँटेना आवाज चहूकडे उधळत नाही, तोंड करू तिकडेच फेकतो, हे मामांनी त्यांना तासभर समजावलं. बाई पुन्हा गच्चीवर आल्या नाहीत.

या अँटेनाचं तोंड अक्कलकोटच्या पुढे दुधनीकडे होतं. वर्कशॉपमधले मामांचे जोडीदार, ज्यांच्याबरोबर त्यांनी परवान्याची परीक्षा दिली, ते अर्धांगवायूनंतर तिथे मुलाकडे राहायला गेले होते. जीभ अडखळायला लागली तशी लाजेनं त्यांनी फोन घेणंच सोडून दिलं. "फोनवर गप बसलं की लोक हॅलो हॅलो करत्यात," मामा मला म्हणाले. "रेडिओवाल्याला वाट बघायची सवय असती."

तसाच दुसरा अँटेना आणि एक रेडिओ सेट घेऊन मामा एसटीने निघाले. हे काय आहे, असं कंडक्टरने विचारलं आणि अक्कलकोट येईपर्यंत तो ऐकत राहिला. मामांनी जोडीदाराच्या छपरावर अँटेना सोलापूरकडे तोंड करून बांधला आणि सेट खाटेशी ठेवला. जोडीदारांनी खाटेवरून सगळं पाहिलं.

मग रोज संध्याकाळी पाचला मामा गच्चीवरून हाक मारायचे. पलीकडून नुसती खरखर. अँटेना बोटभर इकडे, बोटभर तिकडे करून बघायचे आणि गुपचूप खाली यायचे. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी मी तिथे होतो. मामांनी हाक मारली आणि खरखर अचानक थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. दुधनीत कुणीतरी सेटचं बोलायचं बटण दाबत होतं. मामा उठून उभे राहिले.

"ऐकतोय मी," ते हळूच म्हणाले. "सावकाश हुंदे."

बऱ्याच वेळाने एक जड, घासलेला शब्द आला.

"व्हय."

या गोष्टीला चार वर्षं झाली. जोडीदारांची जीभ आता थोडी मोकळी झालीय, पण मधल्या काळात मामांचे कान गेलेत. त्यामुळे पाच वाजले की मामीही वर येऊन बसतात. पलीकडचं एखादं वाक्य सगळं संपेपर्यंत त्या थांबतात आणि मग मामांच्या कानाशी वाकून सांगतात, "अहो, चहा झाला का, विचारतायत."