शैला बाजार घेऊन आली की…

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला मुलीच्या घरी होते. तिच्या स्वयंपाकघरातले डबे रिकामे करून, पुसून, पुन्हा मांडत होते. फोन ह्यांचा होता. "शैला गेली. झोपेतच गेली. तू नीघ," एवढंच म्हणाले. शैला ही माझी धाकटी जाऊ. मी उरलेल्या डब्यांना झाकणं लावली, पिशवी भरली आणि गाडीत बसले. रस्ताभर डोळ्यांत पाणी आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की इथंही हिनं पुढचा नंबर लावला. घरात आधी आले मी, वयानं मोठी मी, साखरेचा आजार मला, आणि सगळ्यांना रडवून जाणारी ही. गावात पोचले तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या वेळी एवढी माणसं येतील का, याचा अंदाज मी तिच्या उशाशी बसून घेत होते. त्याला आता दीड महिना होत आला, पण तो प्रश्न काही मनातून जात नाही.

आमचं गाव पौडच्या पुढं, मुळशी धरणाच्या वाटेवर. घरात आम्ही दोघी जावा, दोघे भाऊ आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. घर चालवायचं काम पहिल्यापासून माझं. महिन्याचा किराणा, गॅसचा नंबर, दुधाचा रतीब, मागच्या भाड्याच्या खोल्यांची लाइट बिलं, सगळं माझ्या याद्यांवर चालायचं. शैलाला यादी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दूध उतू घालवायची, माझी साडी न विचारता नेसायची, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच हसून मोकळी व्हायची. घरातल्यांना राग यायचा तो माझा; मी बरोबर असायचे म्हणून. बाहेरून कुणी आलं की आधी विचारायचं, "शैला कुठाय?" मी समोर चहाचा कप घेऊन उभी असायचे.

करोनाचं साल आलं. हिंजवडीच्या कंपन्या बंद पडल्या, धाकट्या दिरांची कॅब अंगणात उभी राहिली, खोल्यांमधली भाडेकरू पोरं आपापल्या गावी गेली. किराणा आणायला घरातून एकानंच बाहेर पडायचं, असं ठरलं. मी मनात धरून चालले होते की तो एक म्हणजे मी. आत्याबाईंनी ओट्यावर बसूनच निकाल दिला.

"बाप्यांना धाडायचं न्हाई. चार ठिकाणी टेकतील आन् पोलिसांच्या काठ्या खाऊन येतील. शैला जाईल."

"तिला काय आणायचं ते तरी कळतं का?" मी म्हणाले.

"तुला साखर हाय. तू घरात बसायचं. तू लिही, ती आणंल."

झालं. माझी आयुष्यभराची वहिवाट एका वाक्यात तिच्याकडं गेली. त्या दिवसापासून आमच्या घरातून जगात जाणारं एकच माणूस उरलं, आणि ते मी नव्हते.

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. आत्याबाईंची जुनी सुती लुगडी धुऊन धुऊन मऊ झाली होती. ती फाडून मी मास्क शिवायला घेतले. कापड तिपदरी, मध्ये तीन चुण्या, नाकावर खारीच्या पुड्याला बांधलेली तार. इलास्टिक कुठं मिळत नव्हतं, म्हणून परकराच्या नाड्या लावल्या. प्रत्येकाचे दोन, एक तोंडावर, एक साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर. बाजाराचेही नियम घातले. यादी आदल्या दिवशी फोनवरून दुकानात पोचवायची, म्हणजे तिथं थांबावं लागत नाही. दुकानापुढं चुन्याचे चौकोन आखले होते, त्यातच उभं राहायचं. घरी आल्यावर पिशव्या ओट्याच्या कडेला उन्हात ठेवायच्या, हात साबणानं धुवायचे, दुधाच्या पिशव्याही धुवायच्या, कपडे बादलीत टाकायचे आणि मागच्या न्हाणीत अंघोळ करूनच घरात यायचं. शैला माझं ऐकून घ्यायची. मास्क मात्र कधी नाकाखाली उतरवला नाही, एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

पण ती पिशव्या ठेवून लगेच न्हाणीत जायची नाही. अंगणाच्या टोकाला, चाफ्याखाली उभी राहायची आणि सांगायला लागायची. आम्ही सगळे ओट्यावर, लांब. आत्याबाई भिंतीला टेकून, दोघे भाऊ पायरीवर, मी दाराशी उभी. रस्त्यावर काय झालं, दुकानात कोण भेटलं… मास्कमुळं तिचं तोंड दिसायचं नाही, नुसते डोळे आणि हात. एकदा म्हणाली, दुकानासमोरून मोटारसायकलवर नवरदेव चालला होता, कपाळाला बाशिंग, मागं नवरी. दोघंच, वऱ्हाड नाही. मग चौकोनातल्या माणसांनी आहे तिथूनच अक्षता टाकल्या. "म्हणून तांदूळ जरा कमी आलाय, ताई. आपल्याच पिशवीतला होता."

"बाशिंगाखाली मास्क नीट बसला होता का?" मी विचारलं.

"कुठला बसतोय? नवरीच हातानं धरून बसली होती. मागून."

"मग ती गाडीवर कशाला धरून बसली होती?"

"हेच पोलिसानं विचारलं," शैला म्हणाली, आणि तिथून पोलिसाची गोष्ट सुरू झाली. दिरांनी तोंडात टॉवेल कोंबला. आत्याबाईंचं अंग हलत होतं. ह्यांना इतकं हसताना मी लग्नानंतर क्वचितच पाहिलं असेल. आणि मी दाराशी उभी राहून विचार करत होते, की हे सगळं मला दिसायला हवं होतं. मी गेले असते तर नवरदेव मला भेटला असता. घरातली सगळी माणसं वाट बघत बसली असती ती माझी.

आणखी एक व्हायचं. दर खेपेला कुणी ना कुणी माझ्या मास्कची चौकशी केलेली असायची. नाक्यावरच्या हवालदारानं विचारलं, कुणी शिवलाय. त्याच्या बायकोला दोन हवेत. दुकानदाराच्या आईला फुलाफुलांचा हवाय. लवासाकडून पायी आलेल्या एका मिस्त्रीला त्याच्या सगळ्या माणसांसाठी हवेत. मी मशिनीवर बसले की उठायचे नाही. लुगडी संपली तेव्हा चादरी काढल्या. शैला गठ्ठा घेऊन जायची आणि माझ्यासाठी लोकांचे निरोप घेऊन यायची. ते निरोपही मी हातचं काम टाकून ऐकायचे. पण त्यातसुद्धा कुठंतरी लागायचंच. शिवायचं मी, आणि कौतुक पहिल्यांदा कानावर पडायचं तिच्या.

साथ ओसरली, भाडेकरू परत आले, कॅब सुरू झाली. बाजार मात्र माझ्याकडं परत आला नाही. कुणी दिला नाही आणि मी मागितला नाही. मी यादी करायची, शैलानं जायचं, येताना यादीत नसलेली खारी आणायची आणि चाफ्याखाली उभं राहून सांगायचं, हे असंच चालू राहिलं. कामाला आलेल्या बायकासुद्धा तेवढ्यापुरत्या थांबायच्या.

तेरावं झालं. मग एक दिवस घरातली डाळ संपली, आणि इतक्या वर्षांनी मी स्वतः पिशवी घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदार किसनभाऊंनी मला ओळखलं. "तुमी थोरल्या ना? धाकट्या वैनींचं ऐकलं. लई वाईट झालं."

मी डाळ सांगितली. मग जरा वेळानं मीच म्हणाले, "शैला तुमच्या दुकानाच्या खूप गोष्टी सांगायची. लॉकडाऊनमधल्या. तो नवरदेव…"

"कंचा नवरदेव?"

मी सांगितलं. बाशिंग, अक्षता, पोलीस. किसनभाऊंनी डाळीचं माप हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

"हितं तवा चिटपाखरू नसायचं, वैनी. आन् त्या बोलायच्या कुटं? चौकोनात खाली मान घालून उभ्या ऱ्हायच्या. माल पिशवीत पडला की निघाल्या. लई भ्यायच्या. एकदा मागं कुनी खोकलं तर पिशवी टाकून पार रस्त्यापल्याड गेल्या."

"आणि मास्क? तुमच्या आईसाठी, हवालदारासाठी…"

"मास्क आनायच्या की. हितं बरणीवर ठेवायच्या. म्हनायच्या, ज्याला न्हाई त्याला द्या. माज्या जावंनं शिवल्यात. तेवढंच बोलायच्या." त्यांनी डाळ पिशवीत ओतली. "आईला एक दिला व्हता मी त्यातला. मागितला न्हवता कुनी."

घरी येताना मी नेहमीसारखी भरभर चालले नाही. इतकी वर्षं मी ज्या वाटेचा हेवा केला त्या वाटेवर काहीच नव्हतं. आखलेला चुना, आणि त्यात घाबरून उभी राहिलेली एक बाई. मला वाटलं, आता तरी माझा हेवा संपेल. तो संपला नाही, वाढला. मी त्या चौकोनात उभी राहिले असते तर घरी काय आणलं असतं? डाळ, तांदूळ, मीठ. अगदी बरोबर मापात.

आत्याबाई ओट्यावर होत्या. मी पिशवी खाली ठेवली आणि किसनभाऊ जे म्हणाले ते त्यांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल.

"मग?" त्या म्हणाल्या. "तुला आत्ता कळलं व्हय?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"समद्यांना ठाव व्हतं. शैलीला गावातल्या कुत्र्याचं भ्या वाटायचं, ती काय पोलिसाशी बोलतीया?"

म्हणजे ते हसत होते ते याला. घरातल्या सगळ्यांचा एक खेळ चालला होता आणि एकटी मी तेवढी खरं समजून दाराशी उभी होते. मी तसं बोलून दाखवलं. माझा आवाज चढला असणार. "मला कुणी सांगितलं नाही. माझ्यावर हसायचात सगळे."

आत्याबाई म्हणाल्या, "तुज्यावर कोन हसतंय? तू इचारायचीस आन् ती वाढवायची. आमी इचारलं असतं तर दोन वाक्यात संपलं असतं की ते. तू त्या बाईला सोडायची न्हाईस. मग काय झालं, त्यानं काय घातलं व्हतं, गाडी कंच्या अंगाला वळली… आमी तुमा दोघींचं ऐकायचो." मग म्हणाल्या, "न्हानीत जाताना मला म्हनायची, ताई बघत व्हत्या का ओ?"

मी डाळ डब्यात भरायला आत गेले. भरताना वाटलं, मी बघत होते, हे तिला कुणी सांगितलं असेल का. एका वेळी चार कामं करणारी मी, ती सांगायची तेवढा वेळ एकही काम करत नव्हते. हेवा आजही आहे. फक्त आता तो याचा आहे, की तिला जीव लावून ऐकणारं एक माणूस मिळालं. मला ते कुठून मिळणार, ते मला समजत नाही.

परवा मीठ आणायला गेले होते. परतताना वाटेत ठरवत होते, आज काहीतरी सांगायचं. मुळशी धरणावर जाणारी पोरं भेटली म्हणावं, की त्यांची गाडी बंद पडली म्हणावं… अंगणात शिरेपर्यंत एवढंच जुळलं. मी चाफ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "आज नं, दुकानापाशी एक गाडी बंद पडली होती." पुढं काय ते सुचेना. आत्याबाई वाट बघत राहिल्या. मी तशीच उभी.

"कंची गाडी?" त्यांनी विचारलं.

"पांढरी," मी म्हणाले.

"मग?"

मी पिशवी खाली ठेवली. त्या ओट्यावर भिंतीलगत जराशा पलीकडं सरकल्या, शेजारची जागा हातानं झाडली आणि पुन्हा म्हणाल्या, "मग काय झालं?"